टाकीवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी राजदूत मोटारसायकल आहे. जुनी म्हणजे जुनी. मला 'विंटेज' म्हणू नका. तो शब्द मी आयुष्यात फार उशिरा ऐकला, आणि ज्याने तो उच्चारला त्याचा हात त्या वेळी माझ्या हेडलाइटच्या खोबणीत होता व त्या हातात कोंबडीचं अंडं होतं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. जन्माबद्दल जास्त बोलणाऱ्यांनी पुढे काही करून दाखवल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते धनजच्या एका लग्नात, नवरदेवाच्या रुसव्यातून. शालिकराम नावाचा नवरदेव पंगतीत बसला, पानात बुंदीचा लाडू वाढला गेला आणि त्याने लाडवाला हात लावायला साफ नकार दिला. त्याला फटफटी पाहिजे होती. सासऱ्याने टोपी काढली, मामांनी हात जोडले, कोणी पाणी विचारलं, कोणी पान. शालिकराम लाडवाकडे बघत बसून राहिला. शेवटी कुठून कुठून पैसे गोळा करून मला आणलं आणि मांडवाच्या तोंडाशी उभं केलं. मला पाहिल्याबरोबर त्याने लाडू उचलला. मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझी कल्पना होती की माझ्यावर कोणी शूर माणूस बसेल. पहिला बसला त्याच्या मिशीला बुंदी लागलेली होती.

तरी ते दिवस कौतुकाचे होते. दसऱ्याला मला झेंडूचा हार असायचा, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक असायचं. शालिकराम मला घेऊन पानपट्टीवर जायचा आणि पानपट्टीवरून परत यायचा. त्याची बायको कधी मागे बसली तर नवऱ्याला न धरता कॅरिअरला धरायची. तिच्या अकलेबद्दल मला आदर होता. त्या घरात आदर वाटावा असं दुसरं कोणी नव्हतं.

मग शालिकरामला दुसरी गाडी आवडली आणि मी एका दूधवाल्याकडे गेले. दोन्ही बाजूंना कॅना लटकवून तो मला गावोगाव फिरवायचा. निघाल्यावर आमचा पहिला मुक्काम रोज विहिरीवर असे. म्हशी विहिरीवर नव्हत्या. असो.

त्याच्याकडून मी आसेगावला ग्यानबाकडे आले. ग्यानबाने काही वर्षं मला किका मारल्या. पुढे त्याचा गुडघा दुखू लागला, आणि त्याने मला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. पहिल्या पावसाळ्यात सीट गेली. दुसऱ्यात सायलेन्सर. मग ग्यानबाच्या बायकोने माझ्या बुडाशी दोडक्याची बी टाकली. वेल हँडलवर चढला, आरशात गुंडाळला, टाकीवर पसरला. कोंबड्यांना हेडलाइटची खोबण आवडली. इतकी वर्षं माणसांच्या उपयोगी पडून जे समाधान मिळालं नव्हतं, ते मला दोडक्यांनी दिलं. दोडका किक मारत नाही.

अशा सुखाच्या काळात वीरेंद्र इरतकर सर आले.

सर वाशिमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. पोट सुटलेलं, डोक्यावर काळा चष्मा अडकवलेला, हातात मोबाइल. मला पाहून ते गुडघ्यावर बसले. देवळातही माणूस इतक्या घाईने बसत नाही.

"एवढी विंटेज गाडी, आणि अशी ठेवली तुम्ही?" खोबणीत हात घालून ते ग्यानबाला म्हणाले, आणि त्यांनी अंडं बाहेर काढलं.

"ठेवली कुठं सर," ग्यानबा म्हणाला, "ते आपली उभी हाये. अंडं ठेवा तिथंच, कोंबडी बोंबलते."

"चालू होते का?"

"होते ना. चालवनारा पाहिजे."

"विकता?"

ग्यानबाने सरांच्या बुटांकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे अशा प्रेमाने पाहिलं की मी शहारले. "घरची लक्षुमी हाये सर. इकाची म्हनलं तर जीव तुटते माहा," तो म्हणाला आणि किंमत सांगितली. सरांनी घासाघीस केली नाही. व्यवहार ठरल्यावर आतून बायकोचा आवाज आला, "दोडक्याले धक्का लावाचा नाही! तोडा झाल्यावर न्या म्हना!"

म्हणून माझा उद्धार दोडक्यांसाठी लांबला. सर दर रविवारी येऊन दोडके किती वाढले ते बघून जात.

शेवटी टेम्पोतून मी वाशिमला आले, सरांच्या घराच्या जिन्याखाली. आणि मित्रांनो, तिथे माझी खरी विटंबना सुरू झाली. धूळ, गंज, कोंबड्या, हे सगळं मी सोसलं होतं. पण सरांनी मोबाइल एका काठीला अडकवला, माझ्यासमोर पान्हा घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार मित्रांनो! आज आपण हिचा हरवलेला आत्मा परत आणणार आहोत."

माझा कार्बोरेटर चोंदला होता. आत्मा ठीक होता.

एक नट काढायला सरांना सकाळ जाई, आणि तो कुठे ठेवला ते शोधायला दुपार. त्यांची बायको वर्षाराणी जिन्याच्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभी राही.

"कुकरची शिट्टी कवाची बिघडून पडली," ती म्हणाली, "ते नाही दुरुस्त होत तुमच्याच्यानं. अन् हे धूड दुरुस्त करून राह्यले."

"हे बाबांसाठी आहे, वर्षा."

"बाबा तुमच्याशी बोलत नाहीत."

"म्हणूनच तर."

इथे तुम्हाला सांगितलं पाहिजे की सरांचे वडील, उकंडराव, अनसिंगला राहतात आणि भाजीपाला पिकवतात. सरांची धाकटी बहीण अंजू हिचं लग्न झालं, तेव्हा पत्रिका छापायचं काम सरांकडे होतं. सरांनी पत्रिका सजवली. सगळ्यात वर आमदार, फोटोसकट. त्यांच्याखाली माजी आमदार, फोटोसकट, कारण एकाचा टाकून दुसऱ्याचा गाळला तर वाईट दिसतं. मग सभापती, संचालक, सरांच्या संस्थेचे अध्यक्ष आणि अध्यक्षांचे चिरंजीव. वधूपिता उकंडराव यांचं नाव तळाला, बारीक टायपात, मंडप-डेकोरेशनवाल्याच्या जरा वर. फोटोवाल्यांपैकी लग्नाला कोणी आलं नाही. अध्यक्षांचे चिरंजीव आले, जेवले, गेले.

उकंडरावांनी पत्रिका चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात मीच पाहुना." त्यानंतर ते लेकाशी एक शब्द बोलले नाहीत. हे सगळं मला सरांनीच सांगितलं. म्हणजे मोबाइलला सांगितलं, मी समोर होते. डोळे पुसून मग त्यांनी तेवढा भाग पुसून टाकला, कारण त्यात अध्यक्षांचा उल्लेख होता.

एकदा त्यांनी आईला फोन लावला. हात ग्रीसने भरलेले, म्हणून फोनचा आवाज बाहेर ठेवला होता.

"माय, बाबा आहेत का जवळ?"

"हायेत ना. बाजूलेच बसेल हायेत," कस्तुराबाई म्हणाल्या.

मागून जाडसर आवाज आला, "त्याले सांग, मी घरी नाही."

"ते म्हनतात ते घरी नाहीत."

"ऐकलं मी. माय, बाबांची जुनी राजदूत होती ना? भाजी घेऊन बाजारात जायचे, मला टाकीवर बसवायचे. किती जीव होता त्यांचा तिच्यावर!"

"कोनाचा?" कस्तुराबाई म्हणाल्या. "अरे, ते इकली तवा त्याईनं गल्लीत पेढे वाटले होते. रोज बंद पडे, अन् टमाटे रस्त्यावर सांडत."

सरांनी हे ऐकलं आणि ती राजदूत जणू मीच होते असे ते माझ्याकडे बघून हळवं हसले. जे ठरवून बसले आहेत त्यांना सगळं ऐकू येतं, फक्त डोक्यात शिरत नाही.

सरांच्या हातून मी कधीच सुरू झाले नसते. ते काम सेवालाल मिस्त्रीने केलं, आणि तेही सहज नव्हे. 'उद्या येतो' असं म्हणणं हा त्याचा धंदा होता आणि दुरुस्ती हा जोडधंदा. एकदा तो चुकून आला. मी पेटले तेव्हा माझ्या धुराने अख्खी कॉलनी भरली, शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्या काळवंडल्या आणि सर रडले. माणसं धुरानेही रडतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मग रंग. सरांनी मला काळा रंग दिला, चाकांना चकाकी आणली, नवा सायलेन्सर बसवला, नवी सीट घातली. आता फक्त एक गोष्ट राहिली होती. टाकीवर वडिलांचं नाव, एवढं मोठं की पत्रिकेचा हिशोब फिटावा. त्यासाठी रूपला पेंटर आला.

रूपलाचं अक्षर खरोखर सुंदर आहे. वाशिम परिसरात जे जे काही कोणी कोणाच्या नावाने दिलं आहे, त्यावरची अक्षरं त्याचीच. बसस्टँडवरची बाकं, शाळेपुढची पाणपोई, स्मशानातलं शेड, शेडमधला पंखा. सर तेव्हा मोबाइलवर माझ्या नव्या चाकांचा व्हिडिओ जोडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "वडिलांचं नाव टाकायचं. उकंडराव इरतकर. सोनेरी. मोठं. आणि वर कोणाचंही नाव नको."

"वर कोनाचं राहतेच नाही सर," रूपला म्हणाला. "मजकूर आपला ठरेल राहते. तुमी फक्त नाव सांगा. फोटो?"

"फोटो मुळीच नको!"

"बरं. साधंच चांगलं दिसते."

सर परीक्षेच्या ड्युटीवर निघून गेले. रूपला पायरीवर बसला, ब्रश भिजवला, आणि माझ्या टाकीवर, एका रेषेत, जराही हात न कापता, सोनेरी अक्षरांत लिहिलं:

कै. उकंडराव इरतकर यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट

मित्रांनो, मला आवाज नाही असं नाही. पण तो सायलेन्सरमधून निघतो आणि त्यात शब्द नसतात. असते तरी मी काही बोलले नसते. शालिकरामच्या रुसव्यापासून आजपर्यंत माणसांनी माझं एकदाही काही ऐकून घेतलेलं नाही, तर मी फुकट सल्ला का द्यावा? रूपलाने अक्षरांना चिकटणार नाही असा टाकीवर सैल पेपर गुंडाळला, रंग ओला आहे, हात लावू नका असं वर्षाराणीला सांगितलं आणि तो एका पाणपोईकडे निघून गेला.

सकाळी टेम्पो आला. सरांनी पेपरावरून भगवा शेला टाकला.

"एकदा उघडून पाहून तर घ्या," वर्षाराणी म्हणाली.

"सरप्राइज आहे ते!"

"सरप्राइज बाबासाठी हाये, का तुमच्यासाठी बी?"

सर हसले. या प्रश्नावर हसणारा माणूस विद्यार्थ्यांना काय शिकवत असेल याचा विचार करत मी अनसिंगपर्यंत गेले.

उकंडराव अंगणात गोणपाटावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होते. तुमच्यापैकी काही जण सांबाराला कोथिंबीर म्हणतात, तुमची मर्जी. बारीक अंगाचा, ताठ मानेचा म्हातारा. टेम्पो आला, मला उतरवलं, गल्लीतली माणसं जमली, तरी त्याने मान वर केली नाही.

"बाबा," सर म्हणाले. "मी चुकलो होतो. पत्रिकेत. त्याची भरपाई म्हणून..."

"कस्तुरा," उकंडराव जुडी बांधत म्हणाले, "त्याले सांग, जेवून जा. भाजी शिल्लक हाये."

"बोला ना जी तुमीच, समोर तं हाये," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. लेकाची अवस्था त्यांना बघवत नव्हती.

सरांनी मोबाइल उंच धरला, स्वतःकडे वळवून, म्हणजे आपला चेहरा आणि वडिलांचा चेहरा एकत्र येईल. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मागे हात नेऊन त्यांनी शेला ओढला, मग पेपर ओढला आणि मोबाइलकडे बघत हसले.

उन्हात मी झळकले. तसं झळकणं मला कारखान्यातून निघाल्यानंतर पहिल्यांदाच जमलं होतं.

कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने, सवयीने, टोपी काढली आणि हात जोडले. कस्तुराबाई लहानपणी शाळेत गेल्या होत्या तेवढ्यावर ओठ हलवत वाचत होत्या. वाचून झालं.

"बह्याडा!" त्या ओरडल्या. "माह्या कपायावर कुंकू हाये ना रे! दिसत नाही तुले? जित्या मानसाले..." आणि त्यांनी सांबाराची जुडी उचलून लेकाच्या पाठीत हाणली.

सर वळले. त्यांनी वाचलं. मित्रांनो, माणसाचं तोंड कसं कसं होतं ते मी पुष्कळ पाहिलं आहे, चढावर पेट्रोल संपतं तेव्हा. पण असं पाहिलं नव्हतं. मोबाइल हातातून पडला आणि ते खालीच बसले.

"बाबा, मी नाही... रूपलानं... मी फक्त नाव सांगितलं होतं... मी पाहिलंच नाही, बाबा..."

इतक्या दिवसांचा त्यांचा खटाटोप, दोडक्यांची वाट बघणं, नट शोधणं, सगळं त्या एका ओळीत गेलं होतं. आता हा म्हातारा मरेपर्यंत बोलणार नाही आणि मेल्यावर तर प्रश्नच मिटला, हे अंगणातल्या सगळ्यांना कळलं होतं. मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. त्यांनी बघून घ्यायला हवं होतं.

उकंडराव उठले. मांडीवरची पानं झटकली. कोपऱ्यात टिकाव होता, तिकडे जातील असं मला वाटलं, आणि मी मनाची तयारी केली. पण ते माझ्याजवळ आले. चष्मा लावला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं. मग वीत ठेवून नाव मोजलं. एक वीत पुरली नाही, दुसरी ठेवली.

"कस्तुरा, त्याले इचार..." ते म्हणाले आणि थांबले. मग खाली बसलेल्या लेकाकडे वळले. "अबे. वर कोनाचं नाव नाही?"

सरांना क्षणभर कळलंच नाही की हा प्रश्न त्यांना आहे. "न... नाही, बाबा."

"आमदाराचं?"

"नाही."

"त्या अध्यक्षाच्या पोट्ट्याचं?"

"नाही ना बाबा. तुमचं एकट्याचं."

"हं." उकंडरावांनी पुन्हा एकदा नाव नीट पाहिलं. "म्हंजे तुह्या राज्यात मोठं नाव पाहिजे तं मानसानं मराच लागते."

गल्लीतलं कोणीतरी फिसकन हसलं. सर घाईने उठले. "मी आत्ता पुसतो, बाबा. थिनर आणतो. रूपलाला बोलावून नवीन..."

"हात नको लावू!" म्हातारा ओरडला. "चांगलं अक्षर हाये."

"अहो पन जी, ते 'कैलासवासी'!" कस्तुराबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन? अपशकुन हाये तो!"

"राहू दे ते. कवा ना कवा लागनच. तवा ह्याच्यावर भरोसा नाही माहा, पुन्हा खाली टाकून देईन मले, मंडपवाल्यापाशी." आणि मग लेकाला, "बसून काय राह्यला? मार किक. गावातून नेऊन आन मले. सारे वाचतीन तं खरं."

सर माझ्यावर बसले, मागे स्मरणार्थ उकंडराव बसले, आणि किक मारली गेली. आयुष्यभर मी नवरदेवाला, दूधवाल्याला, ग्यानबाला अडवत आले. या वेळी अडवलं नाही. प्रेमाने नव्हे. जिवंतपणी आपल्या स्मारकावर बसून फिरायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मलाही गावाची तोंडं बघायची होती. ती बघण्यासारखी होती. पारावरच्या लोकांनी आधी टाकी वाचली, मग मागे बसलेला माणूस पाहिला, मग पुन्हा टाकी. एकाने "कवा गेले?" विचारलं, आणि उकंडराव मागून म्हणाले, "जाऊनच राह्यलो!" पुढे हँडल धरलेले सर रडत होते, आणि या वेळी धूर मागे जात होता, म्हणून ते मला मनावर घ्यावं लागलं.

आता मी अनसिंगलाच असते. उकंडराव मला चालवत नाहीत, त्यांना मी अजूनही आवडत नाही. गेटजवळ, रस्त्यावरून नाव वाचता येईल अशी उभी केलेली आहे. दर रविवारी सर येतात, बापलेक अंगणात बसून भांडतात, आणि त्या भांडणात कस्तुराबाईंना निरोप्याचं काम करावं लागत नाही.

रोज सकाळी उकंडराव ओलं फडकं घेऊन येतात आणि माझ्या टाकीवरचं नाव पुसतात. नावच. अक्षरांच्या बाहेर फडकं जात नाही. मडगार्डवर धूळ आहे, हँडलखाली कोळ्याने घर केलं आहे, चेन गंजायला लागली आहे, आणि परवा एक कोंबडी हेडलाइटकडे पाहून गेली.

तेव्हा मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी उभी असेल, तर तिचा आत्मा शोधू नका, तिच्यासमोर उभं राहून मोबाइलशी बोलू नका आणि तिच्यावर कोणाचं नाव टाकायचंच असेल तर झाकण्याआधी वाचून घ्या. नंतर पावसापासून झाका आणि महिन्यातून एकदा वाकून खाली बघा. नावाला तेल लागत नाही. चेनला लागतं.